समासातली सही

मेलेल्या माणसाचा हेवा करू नये, एवढं मलाही कळतं. तरीही कल्याणच्या दफनभूमीत एस्तेरबाई रणभिसे यांची शवपेटी खाली उतरत होती तेव्हा मी मागच्या रांगेत उभा राहून तेच करत होतो. आमच्या छापखान्यातल्या बाइंडिंगच्या बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. मालक दिनूभाऊ बायकोला घेऊन आले होते. डोंबिवलीचे वैद्य सर चपला काढून मातीत उभे होते. बाकी कुणीच चपला काढल्या नव्हत्या. पवित्र जागी पायात काही नको, या सवयीने त्यांनी काढल्या असाव्यात. यांच्यातलं एकही माणूस ख्रिस्ती नव्हतं, आणि आपण ख्रिस्ती आहोत हे बाईंनी यांच्यापैकी कुणापासूनही कधी लपवलं नव्हतं.

मी ख्रिस्ती आहे. मी एकोणीस वर्षं लपवलं होतं.

वागळे इस्टेटमधल्या त्या छापखान्यात आम्ही दोघं मुद्रितशोधक होतो. समोरासमोर टेबलं. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापील पानावर नजर ठेवायची, आणि दर तासाला पाळी बदलायची. हल्ली असं कुणी करत नाही, पण दिनूभाऊंच्या वडिलांनी घालून दिलेली पद्धत म्हणून ती आमच्याकडे टिकली. वाचताना स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा उच्चारायचे. त्यामुळे बाईंचा आवाज मी चौदा वर्षं रोज काही तास ऐकला आहे. माझ्या बायकोचाही इतका ऐकला नसेल.

आवाज जाडसर होता, नगरकडचा. घसा बसू नये म्हणून गालात लवंग. चष्मा बुटाच्या नाडीने गळ्यात अडकवलेला, कारण सोनेरी साखळ्या त्यांच्या मते 'बँकेतल्या बायकांसाठी' होत्या. कपाळ मोकळं, आणि काळ्या मण्यांच्या पोतीत एक लहानसा क्रूस. नवीन माणूस छापखान्यात आला की तो क्रूस पाहायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला.

"बाई, तुम्ही गोव्याच्या का?"

"नाही हो. नेवाशाकडची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्न झाल्यावर, तोही ओहोटीला."

"पण मराठी किती छान बोलता!"

"तुम्हीपण छान बोलता की. तुम्हाला कुणी शिकवलं? आईनं ना? मलापण आईनंच."

यात टोमणा असायचा, पण समोरच्याला तो लागायचा नाही, तोही हसायचा. मला हे कधी जमलं नाही. ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणारी पुस्तकं मी बाईंपेक्षा दसपट वाचली असतील. घरी एक कपाट भरलं आहे. उत्तरं माझ्याकडे होती, पण माणसं बाईंकडे जायची.

आमच्याकडे दरवर्षी एक पंचांग छापायला यायचं. त्याची प्रुफं बाईच पाहायच्या, कारण आकड्यांत त्यांची नजर अजिबात हलत नसे. परिणाम असा, की सगळ्या छापखान्याला एकादशी, संकष्टी, चंद्रोदय विचारायला एक ख्रिस्ती बाईच सापडायची.

"बाई, आज चंद्र किती वाजता?"

"नऊ सतरा. ठाण्याचा. डोंबिवलीवाल्यांनी एखादं मिनिट इकडेतिकडे धरा. तेवढ्यात कुणी उपाशी मरत नाही."

स्तोत्रांचं पुस्तक आलं की त्या एका वयस्कर गुरुजींना फोन लावून शंका विचारायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, "एवढं कशाला? आपल्याला काय करायचंय?" तेव्हा टेबलापाशी आम्ही दोघंच होतो. 'आपल्याला' हा शब्द माझ्या तोंडून चुकून गेला होता. बाईंनी तो ऐकला, आणि जणू ऐकलाच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "दुसऱ्याच्या देवाचं काम आहे, जाधव. इथे हयगय केली, तर उद्या मी माझ्या देवाबद्दल बोलायला तोंड उघडलं तर कोण ऐकेल?"

माझं त्यांना ठाऊक होतं. त्या छापखान्यात रुजू झाल्या त्याच वर्षी, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, कल्याणच्या एका चर्चमध्ये त्यांनी मला बायकोसोबत पाहिलं. आमचं चर्च खरं तर दुसरं, पण त्या दिवशी मेहुण्याकडे गेलो होतो. उपासना संपल्यावर फाटकाशी त्या समोर आल्या. आपल्या लोकांत म्हणतात तसं "सलाम" म्हणाल्या, माझ्या बायकोची चौकशी केली आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. त्या म्हणाल्या, "जाधव, पान बावन्न. तुम्ही वाचता की मी वाचू?" बस. चौदा वर्षांत त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही आणि मलाही कधी विचारलं नाही.

लपवण्याची सुरुवात साधी होती. डोंबिवलीत भाड्याची जागा शोधताना एजंटाने आडनाव विचारलं, मी जाधव म्हणालो, तो "मग काही प्रॉब्लेम नाही" म्हणाला आणि मी गप्प बसलो. छापखान्यातही तेच झालं. वडिलांचं नाव याकोब. मी 'वि. या. जाधव' लिहायचो, लोकांनी त्याचा यशवंत करून घेतला. खोटं म्हणून मी काहीच बोललो नाही. फक्त विषय बदलत राहिलो.

दसऱ्याला यंत्रांची पूजा असायची. झेंडूच्या माळा, नारळ, आरती. बाई आदल्या दिवशी सगळ्यांसोबत मशीन पुसायच्या, फुलं ओवायच्या, रांगोळीला जागा झाडून द्यायच्या. आरती सुरू झाली की मागे जाऊन शांत उभ्या राहायच्या. हात जोडत नसत, पण तोंडही फिरवत नसत. पहिल्या वर्षी दिनूभाऊंच्या पत्नीने प्रसाद पुढे केला तेव्हा बाईंनी तिचा हातच हातात घेतला. म्हणाल्या, "वहिनी, पूजेचा मी घेत नाही. माझ्या श्रद्धेत ते बसत नाही, आणि घेऊन टाकून दिला तर तुमचा अपमान. पण तुमच्या हातचा शिरा मला आवडेल. उद्या डब्यात आणाल?" वहिनींचं तोंड क्षणभर उतरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिरा आणला, आणि पुढे प्रत्येक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आणत राहिल्या. त्या डब्यावर कुणीतरी बॉलपेनने 'एस्तेर' लिहून ठेवलं होतं.

मी टिळा लावून घ्यायचो, प्रसाद घ्यायचो. जिन्यात रुमालाने कपाळ पुसायचो. रुमालावरचे लाल डाग पाहून माझी बायको मंगल एकदा एवढंच म्हणाली, "तिथे तुम्ही कोण असता हो?" मी रुमाल भिजत टाकला. पण त्या रात्री मला राग आला तो स्वतःचा नाही, बाईंचा. त्यांना नाही म्हणून शिरा मिळतो, आणि मी हो म्हणून रुमाल धुतो, असं काहीतरी मनात आलं होतं.

त्यांचा काटेकोरपणा आपल्या माणसांनाही सोडत नसे. उल्हासनगरकडचा एक प्रचारक पत्रकं छापायला घेऊन आला. तरुण, उत्साही माणूस. पत्रकात मूर्तींची टिंगल होती. दगड, माती, सोंड असले शब्द. बाईंनी तीन ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या आणि त्याला बोलावून घेतलं.

तो त्यांचा क्रूस पाहून खूश झाला. "ताई, तुम्ही आपल्यातल्या ना? मग तुम्हाला यात काय खटकतंय?"

"आपल्यातली आहे म्हणूनच खटकतंय," बाई म्हणाल्या. "भाऊ, तुम्ही कुणाच्या देव्हाऱ्यावर थुंकणार आणि मग त्याच घरात चहा मागणार. तो तुम्हाला येशूबद्दल विचारेल की हाकलून देईल?"

"पण सत्य सांगायला नको का?"

"सांगा ना. तुमच्या आयुष्यात काय झालं ते सांगा. त्यात सोंडेचं काय काम?"

तो पत्रकं घेऊन दुसऱ्या छापखान्यात गेला. जाताना म्हणाला, "तुम्ही घाबरता." बाई हसल्या, लवंग दुसऱ्या गालात सरकवली आणि पुढचं पान घेतलं. मी खाली मान घालून बसलो होतो. घाबरणारा माणूस त्याच्या हाताच्या अंतरावर होता आणि त्याला कळलं नव्हतं.

मग वैद्य सर आले.

सर डोंबिवलीतले निवृत्त शिक्षक. सत्तरीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. धर्मांतरावर त्यांनी एक पुस्तक लिहिलं होतं आणि ते स्वतःच छापून घेणार होते. हस्तलिखित आमच्याकडे आलं. योगायोगाने ख्रिस्ती लोकांवरचं प्रकरण आलं तेव्हा वाचायचा तास बाईंचा होता.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. "तांदळाच्या पोत्यासाठी देव विकणाऱ्या या लोकांना, स्वल्पविराम, ना देश कळतो, स्वल्पविराम, ना आईबाप, पूर्णविराम."

मी म्हणालो, "बाई, हे मी वाचतो."

"नको. माझा तास आहे."

अठरा पानं त्यांनी वाचली. आवाज चढला नाही की पडला नाही. एकही विरामचिन्ह सुटलं नाही. वाचून झाल्यावर पाणी प्यायल्या आणि समासात पेन्सिलीने लेखकासाठी तीन शंका लिहिल्या. शंका लिहिणं आमच्या कामाचाच भाग, पण मुद्रितशोधक शंकेखाली कधी सही करत नाही. बाईंनी केली. पूर्ण नावाने.

दिनूभाऊ ते पाहून घाबरले. "बाई, सही कशाला केलीत? ते भडकतील ना!"

"प्रश्न कोण विचारतंय ते त्यांना कळायला नको का? कळलं तर माझ्याशीच भांडतील. तुमच्याशी नाही."

चौथ्या दिवशी सर आले. पानं हातात, चेहरा लाल.

"रणभिसे कोण?"

"मी. बसा सर. पाणी घेता?"

"चुका शोधायच्या सोडून तुम्ही लेखकाला जाब विचारता?"

"जाब नाही सर, शंका. पान एकेचाळीस. तुम्ही दिलेलं वचन त्या अध्यायात नाही. मी घरून आमचं शास्त्र, बायबल आणलंय. माझं नका ऐकू, तुम्हीच बघा."

सरांनी चष्मा चढवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शिक्षक होते, चूक दिसल्यावर ती नाकारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "हं. मी हे दुसऱ्या पुस्तकातून घेतलं होतं."

"त्यांनीही तिसऱ्यातून घेतलं असेल."

"ते असू दे. तांदळाचं काय? तेही खोटं म्हणणार?"

माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. मिशनच्या इतिहासावरची दोन पुस्तकं मला जवळजवळ पाठ होती. मी कान टवकारले.

"नाही," बाई म्हणाल्या. "ते खरं आहे. माझे पणजोबा तांदळासाठीच आले. दुष्काळ होता. दोन पोरं गेली होती. गावात त्यांना पाणवठ्यावर उभं करत नव्हते, मग भात कोण देणार? मिशनच्या आवारात शिजलेला भात मिळायचा. म्हणून आले."

"म्हणजे मी लिहिलं तेच!"

"अर्धंच लिहिलंत, सर. दुष्काळ संपला, भात बंद झाला. भाऊबंद म्हणाले, आता परत ये. ते गेले नाहीत. का गेले नाहीत तेही लिहा. तुम्हाला ते कारण पटणार नाही. नाही पटलं असंच लिहा. पण पोत्यापाशी थांबू नका."

सर खुर्चीत बसले. इतका वेळ उभेच होते. मग एकदम त्यांचा आवाज बदलला.

"माझा मुलगा भुकेला नव्हता हो, बाई. घोडबंदर रोडला मोठा फ्लॅट आहे त्याचा. दर रविवारी कुठल्याशा प्रार्थनेला जातो. दोन वर्षं झाली, गणपतीला घरी येत नाही. आईला म्हणाला, तुमच्या घरात सैतान बसवलाय. त्याच्या आईला!"

बाईंनी चष्मा काढला. नाडी बोटाला गुंडाळली.

"त्याला असं शिकवणारा आमच्यातला असेल, तर त्याच्या वतीने मी तुमची माफी मागते," त्या म्हणाल्या. "पण त्याने येशूला धरलं याबद्दल मला माफी मागता येणार नाही, सर. मला स्वतःला तो सोडवत नाही, तुमच्या मुलाला सोड असं कुठल्या तोंडाने सांगू? त्याला माझा एक निरोप द्या. म्हणावं, आरतीला हात जोडवत नसतील तर नको जोडू. पण आईशेजारी बसून मोदक वळायला ये. आईबापाचा मान राखायला आम्हाला शिकवलंय. ज्यानं शिकवलं नाही, त्यानंही अर्धंच वाचलंय."

सरांनी हातातली पानं टेबलावर ठेवली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. आधार शोधावा तसे ते म्हणाले, "जाधव, तुम्हीच सांगा. आपण लोकांनी आता काय करायचं?"

आपण लोकांनी. दार उघडंच होतं. मी फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

"मी नुसती प्रुफं वाचतो, सर," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या पानाकडे पाहत राहिल्या.

संध्याकाळी फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घेताना मी काही बोलणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "मी रागावले नाही, जाधव. तुमचं तुम्ही बघा, ते माझं काम नाही. पण त्या वेळी मला फार एकटं वाटलं. एवढं तुम्हाला सांगून ठेवते." आणि कप ठेवून बस पकडायला गेल्या.

त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर मी ते कधीच विसरून गेलो असतो.

वैद्य सरांचं पुस्तक निघालं. दोन पानं त्यांनी काढली, बाकी मत तेच ठेवलं. एक प्रत बाईंना सही करून दिली. आणि मग ते दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी छापखान्यात यायला लागले, निव्वळ भांडायला. येताना पत्नीने दिलेल्या अळूवड्या आणायचे. कर्म, पुनर्जन्म, क्रूसावरचं मरण. दोघांचे आवाज चढायचे. बाई मध्येच म्हणायच्या, "हे मला माहीत नाही, सर. विचारून सांगते," आणि पुढच्या महिन्यात खरंच विचारून आलेल्या असायच्या. त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं समोरच्या टेबलावर गप्प बसलेल्या माणसाला येत होती. अळूवडी मलाही मिळायची. सर माझ्याशी मात्र हवापाण्याचंच बोलायचे. त्यांच्या लेखी मी त्यांच्याच घरातला होतो. घरातल्या माणसाशी कोण वाद घालतं? तिसऱ्या वर्षी त्यांचा मुलगा गणपतीला आला. मागच्या खोलीत बसून त्याने मोदक वळले, असं सरांनी येऊन सांगितलं. आनंदाने सांगितलं ते बाईंना. मी तिथेच होतो.

त्या शनिवारांपासून मला एकच गोष्ट कुरतडत राहिली. बाई आहेत तोवर, आणि त्यांच्यासमोरच, मला सरांना सांगायचं होतं. पाठीमागे सांगण्यात अर्थ नव्हता. दर महिन्याला मी ठरवायचो, आणि पहिला शनिवार निघून जायचा. मग बाईंचं पोटाचं दुखणं निघालं. त्यांनी रजा टाकली आणि त्या परत आल्या नाहीत.

मोहन्याला रेयॉनच्या जुन्या कारखान्याच्या मागे त्यांच्या दोन खोल्या होत्या. यजमान प्रकाशराव त्याच कारखान्यात होते. मी भेटायला गेलो तेव्हा कॉटशेजारी खुर्ची टाकून वैद्य सर बसलेले. माझ्याआधी पोचलेले. बाई वाळून गेल्या होत्या, क्रूस गळ्यावर मोठा वाटत होता.

"या जाधव," त्या म्हणाल्या. "सर मला पुनर्जन्म पटवतायत. म्हणाले, पुढच्या जन्मी डोंबिवलीत या."

"मोहन्यापेक्षा बरं," सर म्हणाले, पण त्यांचा चेहरा हसत नव्हता. खुर्ची कॉटकडे ओढत त्यांनी विचारलं, "बाई, मी माझ्या देवाला तुमच्यासाठी सांगितलं तर तुम्हाला चालेल का? नाही चालत तर नाही."

"सांगा की सर. तुम्ही तुमच्या देवाला सांगा, मी माझ्या देवाला सांगतेच आहे. आपलं भांडण राहिलंय तसं राहू दे."

सरांनी डोळे मिटले, हात जोडले. त्यांचे ओठ हलत होते आणि गालावरून पाणी ओघळत होतं. बाई त्यांच्याकडे इतक्या मायेने पाहत होत्या, की माझा जीव जळला. या परक्या माणसाने विचारलं. मी कोण होतो तिथे? बायकोनेही हेच विचारलं होतं.

"मी पण करतो प्रार्थना," मी म्हणालो. "मोठ्याने. आमच्या पद्धतीने."

सरांनी डोळे उघडले. "आमच्या म्हणजे?"

"मी ख्रिस्ती आहे, सर. वडिलांचं नाव याकोब."

स्वयंपाकघराच्या दारात प्रकाशराव चहाचे कप घेऊन थबकले. सर माझ्याकडे पाहत राहिले.

"तेव्हा तुम्ही त्या टेबलावर बसला होतात," ते म्हणाले. "ती पानं तुम्ही ऐकलीत. आणि इतके शनिवार? बाईंनी निदान माझ्याशी भांडण तरी केलं हो. तुम्ही मला तेवढ्याही लायकीचा समजला नाहीत?"

या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता. मी फक्त माझी भीती पाहत आलो होतो. "चुकलो, सर," एवढंच बोलता आलं.

तेवढ्यात बाई हसायला लागल्या. हसताना दुखत होतं म्हणून उशी पोटाशी घट्ट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दम लागला तशा थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, त्यांच्याशी काय भांडायचं ते नंतर भांडा. मी सोडवायला येणार नाही. आधी त्यांना प्रार्थना करू द्या."

मी उभा राहिलो. हात कुठे ठेवावेत ते समजेना. कपाटभर पुस्तकांतलं एक वाक्य आठवेना. "हे बापा," म्हणालो आणि अडकलो. खोलीत कुणी हललं नाही. बऱ्याच वेळाने मी डोळे किलकिले करून पाहिलं. बाई डोळे मिटून पडल्या होत्या. ओठांवर हसू अजून पुरतं विझलेलं नव्हतं, भुवया किंचित वर उचललेल्या, पुढचा शब्द ऐकण्यासाठी थांबलेल्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.